गल्ल्याला कुलूप, ब्राउझर मात्र उघडा

दुकान वाढवताना आपण शटरचे कुलूप दोनदा ओढून पाहतो. गल्ल्याची किल्ली नव्या पोऱ्याच्या हाती देत नाही. त्याच दुकानातल्या संगणकावर एकाच ब्राउझरमध्ये जीएसटीचे विवरणपत्र भरले जाते, बँकेचे खाते उघडते आणि दुपारच्या फुरसतीत मुले सिनेमाही पाहतात. ही बेफिकिरी आम्हाला उमजत नाही. ‘आमच्या एवढ्याशा कारखान्यात चोरण्यासारखे काय आहे?’ असे आपले कारागीर बांधव म्हणतात. पण जाळे टाकणारा दुकानाचा आकार पाहत नाही.

सर्वांत मोठा धोका ब्राउझरला जोडल्या जाणाऱ्या फुकटच्या साधनांचा, म्हणजे एक्स्टेन्शनचा. बसवताना त्यातली अनेक साधने सर्व संकेतस्थळांवरील माहिती वाचण्याची व बदलण्याची परवानगी मागतात. सर्व म्हणजे बँकसुद्धा. आपण न वाचता होकार देतो. ‘द ग्रेट सस्पेंडर’ नावाचे असेच एक चांगले साधन वीस लाखांच्या घरात लोक वापरत होते. २०२० मध्ये मूळ कर्त्याने ते दुसऱ्याला विकले आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये घातक म्हणून गूगलला ते बंद करावे लागले. इमानी नोकर जाऊन रातोरात त्याच किल्लीने दुसराच आत यावा, तसे झाले. म्हणून दर महिन्याला ही यादी उघडावी आणि ज्याचे काम आठवत नाही ते काढून टाकावे.

जाहिराती रोखणारे एखादे साधन मात्र आम्ही जरूर ठेवू. शोध घेताना वर दिसणाऱ्या जाहिरातींतून ग्राहकसेवेचे खोटे क्रमांक पुढे केले जातात. फायरफॉक्सवर ‘यूब्लॉक ओरिजिन’ चालते. क्रोमवर त्याची ‘लाइट’ आवृत्ती मिळते.

पत्त्याशेजारच्या कुलपाच्या चित्रावर तर मुळीच विसंबू नये. मधली वाट सुरक्षित आहे एवढेच ते सांगते; पलीकडे सावकार आहे की चोर, हे सांगत नाही. लोकांचा गैरसमज होतो म्हणून क्रोमने २०२३ मध्ये ते चित्रच काढले. बँकांनी आपले पत्ते ‘डॉट बँक डॉट इन’ वर न्यावेत यासाठी रिझर्व्ह बँकेने ३१ ऑक्टोबर २०२५ ही मुदत दिली होती. तेव्हा पत्त्याचा शेवट पाहावा, खात्री झाली की तो बुकमार्क करावा आणि पुढे तिथूनच आत जावे.

बँकेसाठी ब्राउझरमध्ये वेगळे प्रोफाइल करावे; त्यात एकही एक्स्टेन्शन नको आणि पासवर्ड जपून ठेवायची सोय बंद. अनोळखी संकेतस्थळाने सूचना पाठवण्याची परवानगी मागितली तर नकार द्यावा. ‘तुमच्या संगणकात व्हायरस आहे’ अशा पुष्कळशा धमक्या याच दाराने येतात. अद्ययावत करण्याची खूण दिसली की ब्राउझर बंद करून पुन्हा उघडावा. त्याला दोन मिनिटेही लागत नाहीत.

एवढे करूनही पैसे गेलेच, तर लाजेपोटी गप्प बसू नये. त्याच क्षणी १९३० वर फोन करावा. रक्कम पुढच्या खात्यात सरकण्याआधी तक्रार झाली, तर ती गोठवता येण्याची शक्यता असते.