गोळी लिहून झाल्यावर

रस्त्यावर भरकटलेल्या मनोरुग्णांना बरे करून घरी पोहोचवण्यासाठी डॉ. भरत आणि डॉ. स्मिता वाटवानी यांनी 1988 साली बोरिवलीतून 'श्रद्धा रिहॅबिलिटेशन फाउंडेशन'चे काम सुरू केले. 2018 साली डॉ. भरत वाटवानी यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला, तेव्हा उपनगराची मान उंचावली. ही माणसे घराबाहेर पडली कशी, याची चौकशी मात्र फारशी कोणी केली नाही.

घाटकोपरच्या एका खोलीच्या घरात मुलाला भास होऊ लागतात. शेजारी 'बाहेरचं' बघायला सांगतात, वडील 'काम नको म्हणून सोंग' म्हणतात. पुढे कधीतरी डॉक्टर गाठला जातो, गोळ्या सुरू होतात. आवाज थांबतात, पण आंघोळ, नोकरी, बहिणीचे लग्न, गोळी बंद करावीशी वाटणे, हे सारे आईच्या गळ्यात. घरातल्या टोमण्यांनी आणि अतिकाळजीनेही आजार उलटतो, हे ब्रिटनमधील संशोधनाने अर्धशतकापूर्वीच दाखवले आहे. ते या आईला सांगणार कोण? रांगेतल्या पुढच्या रुग्णाकडे वळलेल्या डॉक्टरला तेवढी उसंत नसते.

गोवा, सातारा आणि तमिळनाडूत स्किझोफ्रेनियाच्या 282 शुभार्थींवर, म्हणजे रुग्णांवर, झालेला प्रयोग 2014 साली 'लॅन्सेट'ने छापला. औषधोपचाराच्या जोडीला प्रशिक्षित स्थानिक कार्यकर्ते घरी जाऊ लागले, तेव्हा लक्षणे आणि परावलंबन दोन्ही अधिक घटले. फरक माफक होता, पण खरा होता. मग मानसिक आरोग्याचे पदव्युत्तर शिक्षण हवेच कशाला, असे कोणी विचारेल. हवे, कारण या कार्यकर्त्यांना शिकवणारा आणि अडले की ज्याला विचारता येईल असा जाणता माणूस मागे लागतो.

नेमकी अशा जाणत्यांचीच फळी आज अधांतरी आहे. त्यांना घडवणारी एम.फिल. मोडीत निघाली. क्लिनिकल सायकॉलॉजी आणि सायकियाट्रिक सोशल वर्क यांतील एम.फिल.ला विद्यापीठ अनुदान आयोगाने 2025-26 पर्यंत मुदतवाढ दिली, एवढेच. तिच्या जागी नुसते नाव बदललेली पदवी नको. विद्यार्थ्याने राजावाडी किंवा कूपर रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागातून थेट चाळीत जावे, शुभंकरांच्या, म्हणजे रुग्ण सांभाळणाऱ्या नातलगांच्या, गटात बसावे, मराठी-हिंदी-गुजरातीत बोलायला शिकावे, आणि वर्षभर तीच कुटुंबे सांभाळावीत. त्याचे विद्यावेतन महापालिकेने द्यावे. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाला समाजात राहण्याचा हक्क दिला आहे. त्या हक्काचा खर्च आजवर एकट्या आईने उचलला.