छापील उत्तर आणि विमानाचे पंख

विमान हवेत कसे राहते, या प्रश्नाचे एक ठरीव उत्तर आहे. पंखाची वरची बाजू फुगीर. म्हणून तिच्यावरून जाणाऱ्या हवेला लांबचा मार्ग पडतो. खालच्या हवेला शेवटी गाठण्यासाठी ती वेगाने धावते. वेग वाढला की दाब घटतो आणि पंख वर उचलला जातो. उत्तर सुबक आहे, पाठ करण्यास सोपे आहे, कित्येक पुस्तकांतून छापलेलेही आहे. परंतु ते खरे नव्हे.

पंखापाशी दुभंगलेल्या हवेने पंखामागे पुन्हा एकाच क्षणी भेटावे, असा निसर्गाचा नियम नाही. वातबोगद्यात धूर सोडून पाहिल्यास वरचा प्रवाह खालच्याच्या आधीच पुढे निघून गेलेला दिसतो. विद्यार्थी मित्रहो, घरच्या पंख्यासमोर पुठ्ठ्याचा तुकडा पुढची कड किंचित वर करून धरा. तो वर उचलला जाऊ लागेल. त्या सपाट पुठ्ठ्याला फुगीर बाजू कोठे आहे? तिरपा पंख हवेला खाली वळवतो आणि न्यूटनच्या तिसऱ्या नियमाप्रमाणे हवा पंखाला वर ढकलते. पंखावर कमी दाब व खाली अधिक दाब असतो हेही खरेच. ती त्याच घटनेची दुसरी बाजू होय. खोटी आहे ती केवळ हवेच्या गाठभेटीची कथा.

कोणी म्हणेल, गुण मिळाले म्हणजे झाले, इतकी चिकित्सा कशाला? त्यांस आम्ही राइट बंधूंचे उदाहरण देऊ. १९०१ साली त्यांचे इंजिनविरहित विमान गणिताने सांगितल्यापेक्षा पुष्कळच कमी भार उचलू लागले. दोघांनी दैवाला बोल लावला नाही. डेटन येथे त्यांनी लहानसा वातबोगदा बांधला आणि सुमारे २०० नमुना-पंख त्यात तपासले. हवेच्या दाबाच्या गणितात शंभराहून अधिक वर्षे वापरला जाणारा एक आकडा त्यांना चुकीचा आढळला. १७ डिसेंबर १९०३ रोजी त्यांचे इंजिन लावलेले विमान १२ सेकंद उडाले आणि १२० फूट गेले. छापील आकड्यापुढे त्यांनी मान तुकवली असती, तर हे घडते ना.

उड्डाणानंतर दिशा राखण्याचे कामही असेच. पावसाळी ढगांतून दाबोळीस वा मोपास उतरू पाहणाऱ्या वैमानिकाला क्षितिज दिसत नाही. अशा वेळी विमान वळत असूनही ते सरळ चालले आहे, अशी ग्वाही त्याचे स्वतःचे कान देऊ शकतात. कारण शरीराचा तोल राखणारे इंद्रिय कानाच्या आत असते आणि ते फसते. म्हणून तो यंत्रांकडे पाहतो. पण यंत्रेही तपासावी लागतात. होकायंत्राची उत्तर ही खरी उत्तर नव्हे. उंची दाखवणारे यंत्र स्थानिक हवेच्या दाबाशी जुळवावे लागते. उपग्रहांवरून स्थान काढण्यास निदान चार उपग्रहांचे संदेश लागतात. आडवा वारा असेल, तर नाक थोडे वाऱ्याकडे वळवावे, तेव्हा कोठे विमान सरळ जाते. एकाची साक्ष दुसऱ्याशी ताडून पाहणे, हाच या विद्येचा प्राण आहे.

घरी "कित्याक?" म्हणून आईला भंडावून सोडणारे मूल शाळेत येताच मुकाट का होते? आमच्या मते याचा दोष आम्हां शिक्षकांकडे आणि पालकांकडेही जातो. उत्तर जुळले की आपण बरोबरची खूण करतो, "कशावरून?" असे विचारणारा मात्र आगाऊ ठरतो. असे होता कामा नये. विद्यार्थ्याने गुरूचा मान जरूर राखावा, परंतु प्रश्न गिळून नव्हे. ज्या वर्गात "कशावरून?" हा शब्द निर्भयपणे उच्चारला जातो, तेथेच विज्ञान शिकवले जाते, इतरत्र केवळ त्याचे पाठांतर होते.