शिट्टी कोणाच्या हाती?

रणजी करंडक 1934 साली सुरू झाला. त्यात बाई पंच म्हणून उभी राहायला जानेवारी 2023 उजाडावा लागला. वृंदा राठी गोव्यात पर्वरीला, एन. जननी सुरतेला, गायत्री वेणुगोपालन जमशेदपूरला. कौतुक झालं, फोटो छापून आले. पण याहून लाजिरवाणी गोष्ट पुढेच आहे. आपल्या बायका 1976 पासून कसोटी खेळत आहेत आणि कसोटीत पहिली भारतीय महिला पंच उभी राहिली ती डिसेंबर 2023 मध्ये, नवी मुंबईत, पुन्हा राठीच. सत्तेचाळीस वर्षं खेळायला बाई चालली, निकाल द्यायला आपली बाई चालली नाही!

‘बायका पुढेच येत नाहीत’ हे नेहमीचं उत्तर. राठी 2013 च्या महिला विश्वचषकात गुणलेखक होत्या. तिथे न्यूझीलंडच्या कॅथी क्रॉस पंच म्हणून भेटल्या, आणि ही वाट त्यांना दिसली. धारणीच्या आश्रमशाळेत जीव तोडून कबड्डी, खो-खो खेळणाऱ्या कोरकू मुलीला कोण दिसतं? आम्ही पाहिलेल्या स्पर्धांत बाई होती. गुणपत्रकाच्या टेबलाशी, पाहुण्यांच्या ओवाळणीला, मुलींच्या मुक्कामावर राखणीला. ‘बाईच्या हाती शिट्टी अन् गड्यायनं आयकाचं?’ हेही आम्ही कानांनी ऐकलं आहे.

पंचपरीक्षा पास होणं ही नुसती पहिली पायरी. पुढची बढती कशावर? किती सामने केले, कोणत्या पातळीचे, निरीक्षकाचा शेरा काय. सामने वाटणारे बहुतेक पुरुष. बाईच्या वाट्याला मुलींचे सुरुवातीचे सामने. मुलांची अंतिम लढत ‘जोखमीची’ म्हणून दुसऱ्याकडे. आणि वर्षाअखेर शेरा: अनुभव कमी. अहो, अनुभव तुम्हीच अडवला ना?

त्यात धारणीहून अमरावती म्हणजे हरिसाल, सेमाडोह, परतवाडा करत सुमारे दीडशे किलोमीटर, मध्ये घाट. पुरुष पंच कुठेही पथारी टाकतो. बाईला घरी स्वयंपाक करून एस.टी. धरायची असते, आणि मुक्काम कुठे याचं उत्तर आदल्या रात्रीपर्यंत मिळत नाही. मग ती नकार देते, आणि तो नकार तिच्या नावावर जमा होतो.

2025 च्या राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायद्याने राष्ट्रीय महासंघांच्या कार्यकारिणीत किमान चार महिला सक्तीच्या केल्या. चांगलं झालं. पण सामने वाटप होतं जिल्ह्याच्या खोलीत. तिथे आपली बाई बसवल्याशिवाय दिल्लीच्या चौघी धारणीला पुरणार नाहीत.

तेव्हा आपल्या गटांनी येत्या हंगामात एवढं करावं. प्रत्येक स्पर्धेत शिट्टी किती बायकांच्या हाती होती ते मोजावं. सामनेवाटपाची यादी आणि निरीक्षकांचे शेरे जिल्हा संघटनेकडे लेखी मागावेत. पंचपरीक्षेचं केंद्र धारणीला, निदान परतवाड्याला हवं. प्रवासखर्च आणि सुरक्षित मुक्काम आधी ठरलेला हवा. आणि मुलांच्या अंतिम सामन्याला बाई पंच द्या, हे पत्र सगळ्यांत आधी.