किस्से पुरे, आता संहिता उघडा

२०२० च्या मार्चअखेरीस टाळेबंदी लागली आणि बी. आर. चोप्रा यांची 'महाभारत' ही मालिका दूरदर्शनवर पुन्हा सुरू झाली. २ ऑक्टोबर १९८८ ते २४ जून १९९० या काळात ज्यांनी ती रविवारी सकाळी पाहिली होती त्यांना स्मरणरंजनाची सोय झाली आणि ज्यांचा तेव्हा जन्मही झाला नव्हता त्यांना घरबसल्या नवी करमणूक लाभली. याविषयी आमची तक्रार नाही. तक्रार आहे ती पाठोपाठ आलेल्या आणि अद्याप न ओसरलेल्या किश्शांच्या लाटेविषयी. 'पडद्यामागच्या थक्क करणाऱ्या गोष्टी' या नावाखाली जे काही खपते, ते आता आमच्या वर्गांतही शिरले आहे. माध्यमांतर या विषयावर विद्यार्थ्यांनी लिहून आणलेले प्रकल्प आम्ही तपासतो, तेव्हा महाभारताच्या कोणत्या पर्वातला कोणता प्रसंग मालिकेत कसा बदलला याविषयी अर्धे पानही सापडत नाही. द्रौपदीची साडी किती मीटर लांब होती, हे मात्र हमखास सापडते.

ही साडी या किस्सेवाङ्मयाचा उत्तम नमुना आहे. तिची लांबी सांगितली जाते, ती खास विणून घेतल्याचे सांगितले जाते, प्रसंग संपल्यावर अभिनेत्रीला रडू कसे आवरेना तेही सांगितले जाते. सांगणाऱ्याला कोणी आधार विचारत नाही, कारण किश्शाला आधार मागणे असभ्यपणाचे मानले जाते. परंतु आमचा आक्षेप किस्सा खरा की खोटा एवढ्यापुरता नाही. अनेक किस्से निखालस खरे असतात. भीमाची भूमिका करणारे प्रवीणकुमार हे थाळीफेकीत १९६६ आणि १९७० च्या आशियाई स्पर्धांत सुवर्णपदक मिळवलेले खेळाडू होते. शकुनी साकारणारे गुफी पेंटल हेच पात्रनिवडीचेही काम पाहत होते. या गोष्टी खऱ्या आहेत आणि ऐकायला मौजेच्याही आहेत. पण त्यांतून पुढे काय निष्पन्न होते? ऐकणारा क्षणभर चकित होतो आणि दुसऱ्या किश्शाकडे वळतो. त्या आश्चर्यातून प्रश्न उभा राहत नाही. जे आश्चर्य प्रश्नाला जन्म देत नाही, त्याला अभ्यास म्हणण्याची आमची तयारी नाही.

आणि गंमत अशी की, या मालिकेच्या पडद्यामागे एक खरोखर आश्चर्यकारक गोष्ट आहे आणि ती कोणी लपवूनही ठेवलेली नाही. ती मालिकेच्या श्रेयनामावलीतच आहे. कथेचा मुख्य आधार म्हणून तेथे पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या चिकित्सक आवृत्तीचा निर्देश केलेला आहे. या आवृत्तीचे काम १९१९ मध्ये सुरू झाले. १९२५ मध्ये विष्णु सीताराम सुकथनकर तिचे प्रमुख संपादक झाले. १९४३ मध्ये त्यांचे निधन झाल्यावर श्री. कृ. बेलवलकर आणि त्यांच्यानंतर प. ल. वैद्य यांनी ती धुरा वाहिली आणि १९६६ मध्ये काम पुरे झाले. निरनिराळ्या लिप्यांतली शेकडो हस्तलिखिते ओळीला ओळ लावून ताडून पाहणे, जे सर्व प्रमुख परंपरांत आढळते ते संहितेत ठेवणे आणि जे उत्तरकालीन भर म्हणून दिसते ते तळटिपांत किंवा परिशिष्टांत नोंदवणे, अशी तिची पद्धत होती. काहीही फेकून द्यायचे नाही, परंतु प्रत्येक ओळीला तिच्या आधाराच्या योग्यतेनुसारच जागा द्यायची, हे त्या पद्धतीचे मर्म.

आता मालिकेतले तीन प्रसंग आठवा. ते आठवत नाहीत असा प्रेक्षक विरळा.

पहिला, स्वयंवराचा. कर्ण धनुष्य उचलतो आणि द्रौपदी सूतपुत्राला वरण्यास नकार देते. चिकित्सक आवृत्तीत हा नकार संहितेत नाही, तळटिपेत आहे. दुसरा, मयसभेचा. दुर्योधन पाण्यात पडतो आणि द्रौपदी त्याला आंधळ्याचा पुत्र म्हणून हिणवते. चिकित्सक संहितेतील सभापर्वात दुर्योधन पडतो खरा, पण हसतात ते भीम, अर्जुन आणि नकुल-सहदेव. द्रौपदीही स्त्रियांसह हसली, असे दुर्योधन पुढे बापापाशी गाऱ्हाणे घालताना म्हणतो, म्हणजे ती एका दुखावलेल्या माणसाची साक्ष आहे. हिणवण्याचे ते शब्द द्रौपदीच्या तोंडी कोठेच नाहीत. तिसरा, वस्त्रहरणाचा. मालिकेत द्रौपदी कृष्णाचा धावा करते आणि कृष्ण वस्त्रे पुरवतो. सभापर्वाचे संपादक फ्रँक्लिन एजर्टन यांनी हा धावा संहितेबाहेर ठेवला. संहितेत वस्त्र ओढले जाते तसतसे तसेच दुसरे वस्त्र प्रकट होत राहते, पण ते कोण पुरवतो याविषयी संहिता मौन पाळते. वनपर्वात तर कृष्ण स्वतःच पांडवांना सांगतो की, मी त्या वेळी शाल्वाशी लढण्यात गुंतलो होतो, जवळ असतो तर द्यूत होऊच दिले नसते.

तेव्हा मौज पाहा. ज्या आवृत्तीचे नाव श्रेयनामावलीत मानाने घेतले, तिने बाहेर ठेवलेले किंवा तिला ठाऊकच नसलेले प्रसंगच मालिकेतले सर्वांत लोकप्रिय प्रसंग ठरले. आणि तिन्ही प्रसंग द्रौपदीचे आहेत, हा योगायोग आम्हांला साधा वाटत नाही. पहिल्या दोन प्रसंगांनी युद्धाचे खापर तिच्या जिभेवर फुटते, तिसऱ्याने तिची सुटका भक्तीच्या पदरात पडते. या तिन्हींच्या तुलनेत संहितेतली द्रौपदी अधिक एकाकी आणि अधिक प्रखर आहे. तिच्यापाशी उरतो तो एक प्रश्न: युधिष्ठिराने आधी स्वतःला पणाला लावले की मला? मालिकेने हा प्रश्न गाळला नाही, विकर्णालाही बोलू दिले, याचे श्रेय तिला दिलेच पाहिजे. परंतु प्रेक्षकाच्या मनात उरली ती साडी. प्रश्न विरून गेला. इरावती कर्वे यांनी 'युगान्त'मध्ये चिकित्सक आवृत्ती समोर ठेवून द्रौपदीच्या या प्रश्नाचा विचार केला आणि तो विचारण्याबद्दल तिला धारेवरही धरले. त्यांचा निष्कर्ष कोणाला पटो वा न पटो, त्या प्रश्नाशी झुंजल्या. १९६७ च्या मराठी ग्रंथात जी झुंज आहे, तिच्या पासंगालाही न पुरणारे किस्से आज आमचे विद्यार्थी संदर्भ म्हणून देतात. याला आम्ही प्रगती कशी म्हणावी?

येथे एक गैरसमज दूर करायला हवा. मालिकेने मूळ ग्रंथाची मोडतोड केली, असा आरोप आम्ही करीत नाही. तसा आरोप करणाऱ्याने आधी मराठीच्या इतिहासाकडे पाहावे. मुक्तेश्वराने पर्वे मराठीत आणताना यथेच्छ भर घातली, मोरोपंतांनी अवघे भारत आर्येत बसवले. वस्त्रहरणातला कृष्णाचा धावा कीर्तनांतून आणि आख्यानांतून शतकानुशतके गायला गेला आहे. चोप्रांच्या लेखकांनी तो घेतला, तेव्हा त्यांनी हस्तलिखितांच्या साक्षीपेक्षा लोकस्मृतीची साक्ष मोठी मानली. हा एक वाङ्मयीन निर्णय आहे. त्याचे समर्थन करता येईल, त्याला विरोधही करता येईल. मात्र तो निर्णय होता, एवढे तरी दिसले पाहिजे. मुक्तेश्वर शिकवताना त्याची बोरूची लेखणी कशी होती हे आम्ही सांगत बसत नाही. त्याने मुळात काय वाढवले, काय गाळले आणि का, हे पाहतो. मालिकेला हाच न्याय का लावू नये? ती लोकप्रिय आहे म्हणून तिची चिकित्सा नको, हा लोकांचा आदर नव्हे, लोकांना कमी लेखणे आहे.

आता त्या किश्शाकडे येतो, ज्याने आम्हांला हा लेख लिहायला भाग पाडले. मालिकेचे संवादलेखक डॉ. राही मासूम रझा. त्यांनी आधी नकार दिला, मग त्यांचे नाव जाहीर होताच एका मुसलमानाने महाभारत का लिहावे अशी पत्रे आली, ती पत्रे वाचून त्यांनी होकार दिला, असे सांगतात. हा किस्सा सांगणारे बहुतेक सगळे सद्भावनेने सांगतात. परंतु ऐकणाऱ्याला जे आश्चर्य वाटावे अशी त्यांची अपेक्षा असते, त्या आश्चर्याच्या मुळाशी काय आहे? हे काम मुळात त्याचे नव्हे, ही समजूत. पत्र लिहिणारा ही समजूत रागाने मांडतो, किस्सा सांगणारा कौतुकाने मांडतो. समजूत दोघांची एकच.

मराठीच्या विद्यार्थ्याला तरी याचे आश्चर्य वाटण्याचे कारण नाही. सतराव्या शतकात श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी 'योगसंग्राम' लिहिला. त्याच शतकात हुसेन अंबरखान यांनी 'अंबरहुसेनी' ही गीतेची मराठी टीका रचली. ही नावे आमच्या वाङ्मयेतिहासात आहेत, परीक्षेतही विचारली जातात. तरीही रझांचे नाव निघाले की वर्ग चकित होतो. म्हणजे ती नावे पाठ झाली, समजली मात्र नाहीत. हा दोष विद्यार्थ्यांपेक्षा आमचा अधिक आहे.

रझांविषयी विचारण्याजोगा प्रश्न त्यांच्या धर्माचा नाही, त्यांच्या लेखनाचा आहे. हा लेखक गाझीपूर जिल्ह्यातल्या गंगौलीचा. अलीगढ मुस्लिम विद्यापीठात त्यांनी 'तिलिस्म-ए-होशरुबा'वर प्रबंध लिहिला. दास्तान हा उर्दूतला रात्रीमागून रात्री चालणारा कथाप्रकार आहे. कथा तोडायची कोठे, ऐकणाऱ्याला दुसऱ्या दिवसापर्यंत धरून ठेवायचे कसे, अनेक उपकथा हाताळताना मुख्य धागा सांभाळायचा कसा, हे त्याचे शास्त्र. ज्याने दास्तानीचा असा अभ्यास केला, त्याने पुढे चौऱ्याण्णव भागांची मालिका लिहिली. या दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहाव्यात असे किती प्रकल्पांत कोणाला सुचले?

दुसरी गोष्ट याहून मोलाची. मालिकेत सौती आणि वैशंपायन यांच्या जागी निवेदक म्हणून 'समय' येतो. फिरते विश्व आणि हरीश भिमानी यांचा आवाज. हा आवाज कसा निवडला गेला याचे किस्से विपुल आहेत. पण १९६६ साली प्रसिद्ध झालेली रझांची 'आधा गाँव' ही कादंबरी कोणी उघडते का? फाळणीच्या काळातल्या गंगौलीची ती कथा. त्या कादंबरीविषयी लेखक स्वतः बजावतो की, ही काही माणसांची किंवा घराण्यांची गोष्ट नसून गंगौलीतून वाहत गेलेल्या काळाची गोष्ट आहे. म्हणजे मालिकेच्या बावीस वर्षे आधी या लेखकाने काळालाच कथेचा नायक केले होते. भाऊबंदांत फुटलेल्या एका गावाची कथा काळाच्या आधाराने सांगणारा लेखक भाऊबंदांत फुटलेल्या एका कुळाची कथा सांगायला बसतो, तेव्हा निवेदन काळाकडे जाते. पडद्यामागची गोष्ट म्हणतात ती ही. ती जाणून घेण्यासाठी कोणत्याही नटाच्या मुलाखतीची गरज नाही, दोनशे-तीनशे पाने वाचण्याची गरज आहे. मालिकेचे सल्लागार, हिंदी कवी पंडित नरेन्द्र शर्मा, यांचे मालिका चालू असतानाच १९८९ च्या फेब्रुवारीत निधन झाले. रझाही १९९२ मध्ये गेले. दोघेही आपल्या आठवणी सांगायला २०२० मध्ये नव्हते. होते ते नट. म्हणून पडद्यामागचा सगळा इतिहास नटांचा झाला आणि लेखक पडद्यामागच्याही मागे गेले.

या बाबतीत आम्ही स्वतःलाही मोकळे सोडत नाही. वर्ग पेंगू लागला की किस्सा सांगायचा, ही आमच्या पेशाची जुनी खोड आहे. १९१८ मध्ये भादली स्थानकाजवळ रेल्वेखाली झालेला बालकवींचा मृत्यू आमच्या विद्यार्थ्यांना ठाऊक असतो, 'औदुंबर' मात्र शाळेत होती एवढेच आठवते. किश्शाने वर्ग जागा होतो हे खरे, पण जागा झालेल्या वर्गापुढे कविता ठेवायची राहूनच गेली. मालिकांच्या किश्शांवर पोसलेला विद्यार्थी आकाशातून पडलेला नाही, त्याला ही चव आम्हीच लावली.

म्हणून आमचे म्हणणे साधे आहे. मालिकेवर प्रकल्प अवश्य द्यावा. पण टेबलावर तीन गोष्टी असाव्यात: मालिकेचा तो भाग, चिकित्सक आवृत्तीचे ते पर्व तळटिपांसह आणि लेखकाचे दुसरे एखादे पुस्तक. या तिन्हींतून विद्यार्थ्याने एकच बदल शोधावा आणि तो का झाला असेल याचे दोन पानांत उत्तर द्यावे. उत्तर चुकले तरी चालेल. साडीच्या लांबीला मात्र यापुढे आम्ही गुण देणार नाही.