आज रात्री गाडी लावण्याआधी फ्यूज बघा

लकडगंजातल्या भावांनो, तायांनो, आणि आरा मशीनवर, लाकडाच्या टालीवर रोज दुचाकीने कामाला येणाऱ्या सगळ्यांनो,

आज घरी गेल्यावर गाडीचं बाजूचं कव्हर काढा आणि फ्यूजची डबी उघडा. आत लाल, निळा किंवा पिवळा फ्यूज दिसला तर ठीक. लाल म्हणजे १० अँपिअर, निळा १५, पिवळा २०. पण तिथे तांब्याची तार किंवा सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळलेली दिसली, तर चावी लावूच नका.

हे कळकळीने लिहितोय, कारण अशी तार माझ्याच गाडीत निघाली. हँडल डावीकडे पूर्ण वळवलं की फ्यूज उडायचा. दोनदा बदलला, तिसऱ्यांदा मिस्त्री म्हणाला, "भाऊ, आता नाही उडत." खरंच उडाला नाही. आठ दिवसांनी हेडलाइटच्या मागून धूर निघाला, आणि गाडी उभी होती सागवानाच्या फळ्यांपासून चार हातांवर. चावी बंद केली, बॅटरीची तार ओढली, म्हणून तेवढ्यावर निभावलं. हँडलच्या मानेपाशी एक वायर लोखंडाला घासून उघडी पडली होती. फ्यूज तेच ओरडून सांगत होता आणि आम्ही त्याचंच तोंड बंद केलं.

दुसरी गोष्ट हेडलाइटच्या जादा बटणाची. १ एप्रिल २०१७ पासूनच्या नव्या दुचाकींचा दिवा इंजिन चालू असेपर्यंत जळतोच. तो बंद करायचं बटणच कंपनी देत नाही. भर दुपारी समोरचा प्रत्येक माणूस बोटं उघडमीट करून "लाइट चालू आहे" असं खुणावतो, त्याला कंटाळून लोक मूळ वायर कापून बाजारातलं बटण बसवतात. जोड नुसता पिळलेला, वर काळी टेप. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या पुढे गेला की त्या टेपचा गोंद पाघळतो आणि जोड उघडा पडतो. दिवसा दिवा जळतो तो समोरच्याला तुम्ही दिसावेत म्हणून. ते बटण काढून टाका.

जादा फोकस लाइट लावणाऱ्यांनी एक हिशेब करावा. ३५ वॅटचा बल्ब १२ व्होल्टवर सुमारे ३ अँपिअर ओढतो. ५५ वॅटचे दोन दिवे ९ अँपिअरच्या वर जातात. एवढा करंट हँडलवरच्या नाजूक स्विचमधून गेला की आतले पॉइंट जळतात, प्लास्टिक वितळतं. मधे रिले टाकला तर स्विचमधून नावापुरता करंट जातो आणि मुख्य भार वेगळ्या, स्वतःचा फ्यूज असलेल्या वायरवर पडतो. रिले नको असेल तर फोकसही नको.

बिघाड शोधणं फार अवघड नाही. इंजिन चालू ठेवून हँडल हळूहळू दोन्हीकडे वळवा. दिवा लुकलुकला, हॉर्न आपोआप वाजला किंवा गाडी बंद पडली, तर दोष मानेपाशीच्या वायरमध्ये आहे. बटण दोन-चारदा दाबल्यावरच सेल्फ लागत असेल, तर स्विचच्या आत कार्बन धरला आहे. आपल्या भागात ग्रीसला लाकडाचा भुसाही चिकटतो, तो वेगळाच. स्विच उघडण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह तार काढा आणि मोबाइलवर फोटो घ्या. आतली बारीक स्प्रिंग उडाली की शोधत बसावं लागतं. साफ करायला पेट्रोल वापरू नका, कॉन्टॅक्ट क्लीनर वापरा. सगळे इंडिकेटर एकदमच मंद झाले, तर नवे बल्ब घेण्याआधी बॅटरी आणि बॉडीची अर्थिंग तपासा; बऱ्याचदा गंजलेला एक नट एवढंच दुखणं असतं.

मिस्त्री भावांनाही हात जोडून विनंती आहे. गिऱ्हाईक घाईत असतं, मान्य. पण तार घालून देऊ नका. फ्यूज का उडाला ते सापडेपर्यंत गाडी ठेवून घ्या. गिऱ्हाईक चिडेल, चिडू द्या.

टालवाल्यांनी लाकडाच्या थप्पीला टेकून एकही गाडी लावू देऊ नये. रेतीच्या दोन बादल्या हाताशी ठेवाव्यात. पेट्रोलच्या आगीवर पाणी मारू नका, आणि घाईत रेतीऐवजी भुशाचं पोतं उचलू नका. धूर दिसला तर आधी चावी बंद करा, माणसं दूर करा आणि १०१ लावा.

नवा फ्यूज कोपऱ्यावरच्या दुकानात चहाच्या पैशांत मिळतो. दोन घ्या, एक सीटखाली ठेवा, आणि डबी आजच उघडा.