चाकावरचा ओटा



गेल्या हिवाळ्यात आमच्या वस्तीतल्या बचत गटांच्या १९ बायका दोन रात्री समुद्रकाठी राहून आल्या. दक्षिण रायगडातलं एक गाव, सुरूच्या बनात उभारलेले तंबू आणि समोर लांबच लांब पुळण. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं, म्हणून तर हा बेत हिशेबात बसला. निघण्याआधीच्या बैठकीत एका मावशींनी विचारलं, "ताई, तिथं शिकवणार काय?" मी म्हटलं, "काहीच नाही." सगळ्या गप्प. मग कोपऱ्यातून आवाज आला, "अन् घरी काय सांगायचं?"

घरी सांगितलं, शिबिर आहे. शिबिराला नवरे सोडतात, सासवाही कुरकुरत का होईना सोडतात. आणि या खोटेपणात मीही सामील होते. संस्थेच्या खर्चाच्या पत्रकात मी 'क्षमताबांधणी' असं लिहिलं, कारण मौजेसाठी आमच्याकडे खर्चाचा रकानाच नाही. हिंसा, कायदा, आरोग्य, पंचायत यांसाठी बाईला घराबाहेर काढण्याची भाषा आपल्याला चांगली येते. ती नुसती हुंदडायला निघाली तर मात्र आपल्यालाही कारण जोडावं लागतं. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी २०११ साली 'व्हाय लॉयटर?' या पुस्तकात मुंबईच्या संदर्भात हेच मांडलं होतं की, सार्वजनिक जागी काहीही काम नसताना असण्याचा बाईला हक्क आहे. त्याला एक तप उलटून गेलं. चर्चासत्रांत आपण ते मान्य केलं, खर्चाच्या पत्रकात अजून नाही.

दुपारी पोचलो. पहिला तास पाण्याच्या कडेला नुसता आरडाओरडा चालला होता. ज्या बायका बैठकीत तोंड उघडत नाहीत त्या लाटांना शिव्या घालत होत्या. चहा आला तेव्हा माझ्या लक्षात आलं की निम्म्याजणी कप हातात धरून बसल्या आहेत, पीत नाहीत. तंबूंच्या मागे दोन संडास होते. एकाला कडी नव्हती, दुसऱ्यासमोर शेजारच्या तंबूंतल्या पुरुषांची रांग. अंधार पडल्यावर तिकडे जायला दिवा नाही. आपल्या बायकांनी यावरचा आयुष्यभराचा उपाय केला, पाणीच प्यायचं नाही. समुद्राकाठी, उन्हात, मिठाच्या पाण्यात भिजून! दुसऱ्या दिवशी दोघींना लघवीची जळजळ सुरू झाली. कपडे बदलायला आडोसा नव्हता, तेव्हा चौघींनी साडी धरायची आणि पाचवीने आत बदलायचं असं चाललं. दिवसाभराच्या सहलीला आलेल्या बायका तर ओल्याच कपड्यांनी परतीच्या गाडीत बसताना पाहिल्या.

आमच्यापासून थोड्या अंतरावर एक मोठी गाडी येऊन थांबली होती. आत पलंग, फ्रीज, ओटा, संडास, सगळं काही. आमच्या बायका ती बघायला गेल्या आणि संडास पाहून हळहळल्या. राज्य सरकारने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण मंजूर केलं, त्यातली ही गाडी. ज्यांना परवडतं त्यांनी आपला संडास सोबत घेऊन यावा, बाकीच्यांनी तहान मारावी, असा याचा अर्थ कुणी लिहून ठेवलेला नाही, पण व्यवहारात तो तसाच होतो.

पण त्या गाडीत संडासासोबत ओटाही आला होता. गाडीतल्या बाई संध्याकाळी कणीक मळत होत्या. नवरा आणि मुलं पुळणीवर क्रिकेट खेळत होती. आमच्यातली एक सहज म्हणाली, "सुट्टीला आलात ना वहिनी?" त्या हसल्या. "हो ना. इथं ओटा लहान आहे, एवढाच काय तो फरक." परदेशातल्या घडीच्या खुर्च्या आणि शेकोटीची चित्रं पाहून आपल्याला हे मोकळं जगणं वाटतं. चाकांवर घर नेलं की घरातली कामाची वाटणीही चाकांवर जाते, हे त्या चित्रांत दिसत नाही.

आता आमच्या ओट्याचं सांगते, नाहीतर हे लिखाण अप्रामाणिक होईल. आमच्या १९ जणींपैकी एकीनेही दोन दिवस चुलीला हात लावला नाही, याचा मला फार अभिमान वाटत होता. तो टिकला दुसऱ्या सकाळपर्यंत. आमचं जेवण गावातल्या एका वहिनींकडे सांगितलेलं होतं. घावने, सोलकढी, भात, माशाचं कालवण, सगळं चवीचं. त्या पहाटे चारला उठत आणि आमची भांडी आवरून रात्री अकराला आडव्या होत. म्हणजे १९ जणींची सुट्टी एकीच्या कंबरेवर उभी होती. पैसे आम्ही दिले, ठरल्याप्रमाणे दिले. ते घेतले मात्र त्यांच्या नवऱ्याने.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या पट्ट्यावर आदळलं आणि सुपारीच्या वाड्या आडव्या झाल्या. सुपारीचं नवं झाड धरायला वर्षं लागतात. तोवर घर चालायचं ते पाहुण्यांच्या राबत्यावर. पाहुण्यांचं सगळं करणार बाई, पण घर सासऱ्यांच्या नावावर आणि पाटीवर मालक म्हणून नाव नवऱ्याचं. जून २०२३ मध्ये राज्याचं महिलांसाठीचं पर्यटन धोरण आलं. पर्यटनाचा व्यवसाय करणाऱ्या बाईला १५ लाखांपर्यंतच्या कर्जावर व्याजाचा परतावा, अशी त्यातली चांगली तरतूद. अट ही की व्यवसाय तिच्या मालकीचा हवा. वहिनींना मी हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, "मालकीचं काय घेऊन बसलात, ताई? माझ्या नावावर वीजबिलसुद्धा नाही." (त्या धोरणाचं नाव 'आई' आहे. बाई फिरायला निघाली काय, धंदा करायला निघाली काय, तिला आई म्हटल्याशिवाय शासनाला चैन पडत नाही.) घराच्या उताऱ्यावर बाईचं नाव लावण्याची लढाई आपण नव्वदच्या दशकात लढलो, ती किनाऱ्यावरच्या या घरांत अजून पोचायची आहे.

संडासांबद्दल गावात विचारलं तेव्हा उत्तर मिळालं, "सीआरझेड आहे, बांधता येत नाही." हे अर्धसत्य आहे. किनारा नियमन क्षेत्राच्या २०१९ च्या अधिसूचनेत तात्पुरते संडास, कपडे बदलण्याच्या खोल्या आणि पिण्याच्या पाण्याची सोय यांना मुभा आहे, भरतीरेषेपासून किमान १० मीटर अंतर राखून. 'मिळून साऱ्याजणी'च्या जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये बायकांच्या स्वच्छतागृहांबद्दल आदेश दिले, पण ते महानगरपालिकांना. सुट्टीच्या दिवशी हजारो माणसं ज्यांच्या किनाऱ्यावर उतरतात त्या ग्रामपंचायती त्यातून सुटतात. गाडीतळाची पावती मात्र त्या फाडतात. त्या पैशाचं काय होतं, हे ग्रामसभेत विचारायला काय हरकत आहे?

आणखी एक. आमच्या १९ जणींत पोहता येणारी एकही नव्हती. गुडघाभर पाण्यापलीकडे कुणी गेलं नाही, ते मी सक्तीने पाहिलं, आणि सक्ती करताना स्वतःचाच राग येत होता. फेब्रुवारी २०१६ मध्ये मुरूडच्या समुद्रात पुण्याहून सहलीला आलेले विद्यार्थी बुडाले, त्यांत बहुसंख्य मुली होत्या. त्यानंतर जे बोललं गेलं ते मुख्यतः सहलींवरच्या बंधनांबद्दल. मुलींना पोहायला शिकवण्याची मागणी आपणही केली नाही. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं, ओहोटीचं पाणी आत ओढतं, एवढं साधं ज्ञानही आम्हाला त्या वहिनींकडूनच मिळालं.

शेवटच्या रात्री आम्ही ताटं स्वतः घासली आणि वहिनींना ओढून पुळणीवर नेलं. लग्न होऊन या गावात येऊन त्यांना २२ वर्षं झाली होती. रात्रीच्या समुद्राकाठी त्या पहिल्यांदाच बसत होत्या. "मासळी आणायला येते की रोज," त्या म्हणाल्या, "पण बसायला कशाला कोण येतंय?"

येत्या मार्चमध्ये आम्ही पुन्हा जाणार आहोत. या वेळी पत्रकात 'सहल' असंच लिहिलं आहे, मंजूर होतं की नाही ते कळवीन. जाण्याआधी त्या ग्रामपंचायतीला संडास आणि कपडे बदलण्याच्या खोल्यांसाठी अर्ज देत आहोत, त्याचा मसुदा हवा असेल त्या गटांनी मागवून घ्यावा. आणि तुमच्या गटाची सहल जिथे कुठे गेली असेल, तिथे संडास होता का, भांडी कुणी घासली आणि घरी काय सांगून निघालात, ते जरूर लिहून पाठवा. पुढच्या अंकात त्यासाठी चार पानं राखून ठेवली आहेत.