जलोदराच्या रोग्याला गावाकडे नेण्याआधी

उधना, लिंबायत, पांडेसरा या भागांत राहणाऱ्या आपल्या खानदेशी कुटुंबांत एक रीत पडून गेली आहे. घरचा कर्ता पुरुष यकृताच्या दुखण्याने महिनोन्‌महिने आजारी असतो. पोट पाण्याने फुगलेले, पाय सुजलेले, डोळे पिवळे. एके दिवशी तो असंबद्ध बोलू लागतो, दिवसा झोपतो नि रात्री जागतो, घरच्यांना ओळखत नाही. मग भावकी जमते, आता काही खरे नाही, गावाकडे घेऊन जाऊ असे ठरते, आणि ताप्ती लाईनच्या रात्रीच्या गाडीत निजवून त्याला नंदुरबार, अमळनेर नाहीतर जळगावकडे नेतात.

मला या रीतीविरुद्ध लिहायचे आहे. भावकीच्या मायेबद्दल शंका नाही. पण पुष्कळदा त्या रात्री रोगी बिघडलेला असतो तो जंतूंच्या संसर्गाने, आणि त्यावर औषध आहे.

सिऱ्होसिस म्हणजे यकृत कठीण व गाठीगाठीचे होणे. आतड्यांतले सगळे रक्त आधी यकृतात येते आणि त्याबरोबर आलेले जंतू यकृत तिथेच टिपते. आता कालव्यात गाळ भरला म्हणजे काय होते ते शेतकऱ्याला सांगायला नको. पाणी मागे तुंबते, बांध पाझरतात, नको त्या वाटेने पाणी निघते. तसेच हे. रक्त यकृताला वळसा घालून जाते, आतड्याची भिंत पाझरते आणि ई-कोलायसारखे आतड्यातले जंतू पोटातल्या पाण्यात शिरतात. त्या पाण्यात जंतूंशी झुंजणारी द्रव्ये फार थोडी असतात. मग मूत्रपिंडे थकतात, मेंदूवर गुंगी येते आणि कसेबसे चाललेले यकृत बसते. लघवीचा, छातीचा किंवा पायाच्या कातडीचा संसर्गही हेच करू शकतो.

इस्पितळात दाखल होणाऱ्या सिऱ्होसिसच्या रोग्यांपैकी सुमारे एकतृतीयांशांना असा संसर्ग असतो. तो झाल्यावर शंभरांतले तीसजण महिन्याभरात दगावतात, असे अनेक देशांतील अभ्यास एकत्र करून 2010 साली दिसून आले. आकडा भयंकर आहे खरा, पण उरलेले सत्तर महिना ओलांडतात हेही त्यातच आले.

घरच्यांची फसगत होते ती तापामुळे. या रोग्यांना संसर्ग असूनही कित्येकदा ताप येतच नाही. पोटात थोडे दुखणे, जुलाब, लघवी कमी होणे, हात थरथरणे, बोलण्यात घोटाळा, एवढेच दिसते. म्हणून थर्मामीटरवर विसंबू नये. काळी शौच किंवा रक्ताची उलटी झाली तर घटकाभरही थांबू नये.

इस्पितळात पहिली गोष्ट व्हायला हवी ती म्हणजे सुईने पोटातले थोडे पाणी घेऊन तपासणे. पोटाचे पाणी काढले की माणूस जातो, अशी समजूत आपल्याकडे घट्ट आहे. इथे तर एक-दोन सिरिंज पाणी तपासणीसाठी घ्यायचे असते. त्यात एका विशिष्ट जातीच्या पांढऱ्या पेशी घन मिलिमीटरला 250 वा अधिक निघाल्या, की अँटिबायोटिकची इंजेक्शने लगेच सुरू करतात. जोडीला अल्ब्युमिन द्यावे लागते. 1999 साली स्पेनमधील डॉक्टरांनी 126 रोग्यांवर हे तपासले. नुसत्या अँटिबायोटिकवर इस्पितळात शेकडा 29 मृत्यू झाले, अल्ब्युमिन जोडल्यावर 10. अल्ब्युमिन महाग असते, तेव्हा आयुष्मान कार्ड बरोबर न्यावे व विचारावे. मजुरा गेटचे नवे सिव्हिल इस्पितळ आणि महापालिकेचे स्मीमेर, दोन्हीकडे वैद्यकीय महाविद्यालय आहे. हे दाराशी सोडून रात्रभर गाडीत घालवणे मला पटत नाही.

आता थोडे कडू. गुजरात राज्य 1960 साली झाले तेव्हापासून येथे दारूबंदी आहे, आणि तरीही कोणाच्या घरी काय चालते हे सर्वांना ठाऊक आहे. बंदीमुळे पिणे जेवढे थांबले नाही तेवढे सांगणे थांबले. बायको डॉक्टरांसमोर म्हणते, ते घेत नाहीत. दारू एकाएकी सुटल्यानेही थरथर व भ्रम होतो, आणि त्याचा उपचार वेगळा. डॉक्टर विचारतात ते औषधासाठी, पोलिसांसाठी नव्हे. उलट, ज्याचे पोट फुगले तो दारुडाच, हे शेजाऱ्यांचे बोलणेही बंद व्हावे. कावीळ ब आणि क, मधुमेह व लठ्ठपणाबरोबर यकृतात साठणारी चरबी, यांनीही सिऱ्होसिस होतो.

औषधांच्या दुकानातून अंगदुखीच्या गोळ्या आणून देऊ नयेत, त्या मूत्रपिंडांवर उतरतात. अँटिबायोटिकही मनाने दोन दिवस देऊन बंद करू नये. ॲसिडिटीची गोळी वर्षानुवर्षे चालू असेल तर ती हवी आहे का ते विचारावे, कारण तिने पोटातल्या संसर्गाचा धोका वाढतो. मीठ, पापड, लोणचे कमी करावे. पण डाळ-अंडी बंद करून रोग्याला पेज पाजत ठेवणे ही चूकच आहे. कळण्याची भाकरी बिनमिठाची करून दिली तर काही बिघडत नाही, आणि निजण्यापूर्वी थोडे खाणे चांगले.

पावसाळ्याचे वेगळे सांगतो. सुरत, तापी, नवसारी, वलसाड या जिल्ह्यांत भाताच्या चिखलात व उसात काम करणाऱ्यांना लेप्टोस्पायरोसिस होतो. उंदरांच्या व गुरांच्या मुतातले जंतू पाण्यातून पायाच्या चिरांवाटे शरीरात शिरतात आणि धडधाकट माणसाचेही यकृत व मूत्रपिंडे बिघडवतात. सिऱ्होसिसच्या रोग्याने लावणीला उतरूच नये. बाकीच्यांनी जखम बांधून, शक्य तर गमबूट घालून उतरावे, आरोग्य कर्मचारी डॉक्सिसायक्लिन देतील ती फेकून न देता घ्यावी, आणि ताप, पिंडऱ्यांत कळा, डोळे लाल झाले तर आपण चिखलात काम केले आहे हे डॉक्टरांना आपणहून सांगावे.